गच्चीवरचा तारा खोलीत आणायचा तर: दुर्बिणीला ऑप्टिकल फायबर जोडण्याची पहिली पायरी ते पहिला वर्णपट

घरी इंटरनेटची लाइन टाकायला आलेला पोरगा जाताना सहा-सात मीटर फायबर तसंच टाकून निघाला होता. मी ते गुंडाळून दुर्बिणीच्या खोक्यात ठेवू लागलो, तसा तो दारातच थांबला.

"काय करून राहिले, काका?"

म्हटलं, ताऱ्याचा उजेड यातून खाली खोलीत आणायचा आहे. तो हसला. "याच्यातून तारा नाही येत, काका. याचं भोक लय बारीक."

तो गमतीत बोलला, पण बरोबर बोलला. नागपुरात जो कोणी या नादाला लागतो त्याचा पहिला प्रश्न हाच असतो: घरात पडलेली इंटरनेटची फायबर चालेल का? उजेड खाली आणायचा तो स्पेक्ट्रोग्राफसाठी, म्हणजे उजेडाचे रंग वेगळे करून वर्णपट टिपणाऱ्या यंत्रासाठी. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी गणित, मग खरेदी

फायबर म्हणजे काचेच्या आत काच. मधला गाभा, त्याभोवती थोड्या कमी अपवर्तनांकाच्या काचेचं वेष्टण आणि वरून प्लास्टिकचा लेप. घरगुती इंटरनेटच्या फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता माझी दुर्बीण घ्या: २०० मिलिमीटर आरसा, एफ/५, म्हणजे नाभीय अंतर १००० मिलिमीटर. २०६२६५ ला नाभीय अंतराने भागलं की एका मिलिमीटरला किती कोनीय सेकंद (एका अंशाचे ३६०० भाग, त्यातला एक) ते मिळतं. इथे २०६. म्हणजे ९ मायक्रॉनचं तोंड आकाशातले जेमतेम १.९ सेकंद झाकतं. हवेच्या थरथरीमुळे तारा स्वतःच तीन-चार सेकंदांचा ठिपका होऊन बसतो, शिवाय माउंटच्या, म्हणजे दुर्बिणीला ताऱ्यामागे फिरवणाऱ्या स्टँडच्या, गिअरची डुलकी वेगळी. सुईच्या नेढ्यात दोरा ओवायचा, तोही चालत्या बसमध्ये. त्यात हा धागा १३१० आणि १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशासाठी बनवलेला, त्यामुळे दृश्य प्रकाशासाठी तो आपल्या कामाचा नाही.

आपल्याला हवी ५० मायक्रॉन गाभ्याची, शुद्ध सिलिकाची, स्टेप-इंडेक्स (गाभ्याचा अपवर्तनांक सगळीकडे सारखा) मल्टीमोड (गाभा रुंद, उजेडाला अनेक वाटा) फायबर. माझ्या दुर्बिणीवर ५० मायक्रॉन म्हणजे १०.३ सेकंद. तारा सहज मावतो आणि माउंट थोडं हललं तरी आतच राहतो. १०० मायक्रॉन घेतली तर तारा पकडणं आणखी सोपं, पण मग वर्णपटातल्या रेषा दुप्पट जाड होतात आणि आजूबाजूचं आकाशही चौपट आत येतं. शहरातून निरीक्षण करणाऱ्याला हे परवडत नाही. सीताबर्डीवरच्या उजेडाने आपलं आकाश आधीच धुतलेलं आहे.

खरेदी करताना विक्रेता विचारेल, हाय ओएच की लो ओएच? काचेत हायड्रॉक्सिलचं प्रमाण जास्त असेल तर ती निळ्या-जांभळ्या बाजूला चांगली, कमी असेल तर अवरक्त बाजूला. हायड्रोजनच्या निळ्या रेषा बघायच्या असतील तर हाय ओएच. न्युमरिकल अपर्चर, म्हणजे धागा उजेडाचा केवढा रुंद शंकू आत घेतो त्याचं माप, ०.२२ असावं, ते सर्रास मिळतं. इंटरनेटवाल्यांकडची ५०/१२५ मल्टीमोडही असते, पण तिचा गाभा जर्मेनियम मिसळलेला आणि ग्रेडेड-इंडेक्स, म्हणजे मधून कडेकडे अपवर्तनांक कमी होत जाणारा, असतो. निळा उजेड तिच्यात बराच गळतो. सरावाला मात्र उत्तम, आणि सराव भरपूर लागणार आहे.

कशाला एवढा खटाटोप?

स्पेक्ट्रोग्राफ थेट दुर्बिणीला लटकवता येतो की. मीही आधी तेच केलं. दोन किलोचं खोकं, दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे झुकली की खोकं किंचित वाकायचं आणि रेषा सरकायच्या. फायबरमुळे खोकं टेबलावर निवांत बसतं आणि दुर्बिणीवर फक्त काडेपेटीएवढं डोकं राहतं. दुसरा फायदा असा की तारा फायबरच्या तोंडावर थोडा इकडेतिकडे झाला तरी दुसऱ्या टोकाला उजेड बऱ्यापैकी सारखा मिसळून येतो.

मोठ्या वेधशाळांनीही याच कारणांसाठी फायबर घेतली. अमेरिकेत स्ट्युअर्ड वेधशाळेच्या दुर्बिणीवर १९७९ मध्ये 'मेड्युसा' नावाच्या यंत्राने एकाच वेळी अनेक दीर्घिकांचा उजेड वेगवेगळ्या धाग्यांतून नेला. आज किट पीकवरच्या 'डेसी'मध्ये ५००० धागे आहेत आणि प्रत्येकाला आपापला छोटा रोबो जागेवर नेतो. आपल्याकडे माउंट अबूला १.२ मीटरच्या दुर्बिणीवर 'पारस' हा फायबरवरचाच स्पेक्ट्रोग्राफ, त्यानेच २०१८ मध्ये दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या एका ग्रहाचं वजन केलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत उत्तराखंडातल्या देवस्थळच्या दुर्बिणीसाठी 'डॉटिफ्स' नावाचं यंत्र हाती घेतलं गेलं, त्याच्या आराखड्यात १४४ धाग्यांचे १६ जुडगे आहेत. आपण एक धागा नीट लावू.

टोकं: सगळं काम इथेच

नवा माणूस विचारतो, पंधरा मीटर काचेतून जाताना उजेड कमी नाही होणार? होतो, पण फार नाही. चांगल्या सिलिका फायबरमध्ये हिरव्या-लाल रंगात दहा मीटरला दोन-चार टक्के जातात, जांभळ्याकडे त्याहून जास्त. त्याउलट प्रत्येक टोकाच्या पृष्ठभागावर सुमारे चार टक्के परावर्तन, हे तर निसर्गनियमानेच गेले. टोक खडबडीत असेल तर किती जाईल त्याला हिशोब नाही. म्हणून पैसे धाग्यावर घाला, पण वेळ टोकांवर घाला.

हे काम पावसाळ्यात करा. जून ते सप्टेंबर नागपूरचं आकाश तसंही बंद असतं, आणि उन्हाळ्यात दोन भानगडी आहेत. एक तर धूळ. दुसरं म्हणजे इपॉक्सी: मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या वर पारा, कालवलेलं इपॉक्सी वाटीतच घट्ट व्हायला लागतं.

फायबर कशात बसवायची? सोपा पर्याय म्हणजे एसएमए ९०५ कनेक्टर. त्याचा फेरूल, म्हणजे पुढची बारीक नळी, ३.१७५ मिलिमीटर व्यासाची. हा आकडा हिंगणा एमआयडीसीतल्या खराद्याला सांगितला तर तो तुमच्याकडे बघत बसेल. "एक सूत" म्हणा, लगेच कळेल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बरोबर ३.१७५. धारकाचं भोक ड्रिलने नाही, रीमरने करून घ्या, नाहीतर फेरूल आत डुगडुगतो. फेरूलच्या आतलं बारीक छिद्र मात्र तुमच्या धाग्याच्या वेष्टणाच्या मापाचं हवं. १२५ मायक्रॉन वेष्टण असेल तर छिद्र १२७-१२८ च्या आसपास. विकत घेतानाच हे माप विचारा.

टेबलावर काळा कागद अंथरा. पंखा बंद. फायबरचे तुकडे केसासारखे बारीक आणि सुईसारखे टोकदार असतात. ते बोटात गेले तर दिसत नाहीत, फक्त टोचतात. प्रत्येक तुकडा चिकटपट्टीवर चिकटवून डबीत टाका, चष्मा लावा आणि त्या टेबलावर चहा-चिवडा आणू नका. आमच्या घरी या नियमावरून भांडण झालेलं आहे.

स्ट्रिपरने साधारण तीन सेंटिमीटर लेप काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने उघडी काच एकदाच, एका दिशेने पुसा. नीट पुसलेली काच बोटांत चरचर वाजते. इपॉक्सीचा थेंब फेरूलमध्ये मागून भरा आणि पुढच्या तोंडाशी छोटा मणी दिसला की थांबा. धागा हळूच सरकवा, अडला तर ढकलू नका, फिरवा. पुढे सात-आठ मिलिमीटर बाहेर राहू दे.

इथे घाईचा मोह होतो. गरम करून पाच मिनिटांत सुकणारी इपॉक्सी मिळते, इंटरनेटवाल्यांना तीच लागते. आपण मात्र खोलीच्या तापमानाला, एक-दोन दिवस घेऊन सुकणारी आणि कमी आकसणारी घ्यायची. इपॉक्सी आकसताना धाग्याला आवळते, आणि आवळलेला धागा उजेड पसरवून बाहेर टाकतो. हे नेमकं काय ते पुढे येतं.

सुकल्यावर बाहेरचा धागा मण्याच्या जवळ कार्बाइडच्या लेखणीने हलकेच ओरखडा. कापायचं नाही, फक्त एक रेघ. मग धाग्याच्या दिशेनेच, अक्षावर सरळ ओढा. तुटेल. वाकवून मोडलात तर चीर फेरूलच्या आत जाते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. माझे पहिले चार असेच गेले.

मग पॉलिश. पहिला टप्पा हवेत: १२ मायक्रॉनचा पॉलिशिंग कागद हातात सैल धरून बाहेर आलेल्या टोकावर अलगद गोल फिरवा, टोक मण्याच्या पातळीला येईपर्यंत. त्यानंतर जाड सपाट काच, तिच्यावर कागद, कागदावर दोन थेंब डिस्टिल्ड पाणी आणि फेरूल बसवायची पॉलिशिंगची चकती. मराठी ४ चा आकडा गिरवत राहा, कागदावर इंग्रजी आठ उमटतो तोच. आधी १२, मग ३, मग १, शेवटी ०.३ मायक्रॉन. वजन फक्त हाताचं, दाब नाही. प्रत्येक कागद बदलताना फेरूल, चकती आणि काच तिन्ही पुसा. १२ चा एक कण ३ च्या कागदावर आला की पुढची अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात.

झालं की नाही ते डोळ्यांनी कळत नाही. शाळेतलं जुनं सूक्ष्मदर्शकही चालतं, १०० ते २०० पट. दुसऱ्या टोकाकडून साधी टॉर्च मारा आणि बघा: काळ्या वर्तुळात लख्ख गोल चकती दिसली पाहिजे. तिच्यावर ओरखडे काळ्या रेघांसारखे दिसतात आणि कडेला उडालेला टवका चावलेल्या बिस्किटासारखा. वेष्टणावरचा टवका एकवेळ चालेल, गाभ्यावरचा नाही. इंटरनेटवाल्यांकडे तुटलेली जागा शोधायला लाल लेझरचा पेन असतो. तो लावलेला असताना टोकात किंवा सूक्ष्मदर्शकात कधीच डोळा घालू नका.

उजेड पसरतो का, ते कागदावर मोजा

फायबरची एक खोड आहे. एफ/५ च्या शंकूने आत गेलेला उजेड बाहेर येताना थोडा रुंद शंकू होऊन येतो. बारीक वाकणं, आवळलेलं टोक, वाईट पॉलिश या सगळ्यांमुळे हे वाढतं. शंकू रुंद झाला की स्पेक्ट्रोग्राफच्या भिंगाबाहेर उजेड सांडतो, तो गेला तो गेलाच. गंमत म्हणजे चिंचोळ्या शंकूने उजेड भरला तर हा पसारा जास्त जाणवतो. एफ/१० ची दुर्बीण थेट जोडू नका, फोकल रिड्युसर, म्हणजे नाभीय अंतर कमी करणारं भिंग, लावून एफ/६.३ करा. एफ/४ ते एफ/६ या पट्ट्यात सगळं सुरळीत चालतं. ०.२२ अपर्चरचा धागा एफ/२.३ च्या आसपासपर्यंत शंकू स्वीकारतो, पण त्या टोकाला जायची गरज नाही.

चाचणी सोपी आहे. दुर्बीण किंवा एफ/५ ला बांधलेलं कॅमेऱ्याचं भिंग वापरून उजेड फायबरमध्ये घाला. दुसरं टोक पांढऱ्या कागदापासून ५० मिलिमीटरवर धरा. आदर्श ठिपका १० मिलिमीटरचा. ११ आला तर आनंद, १२ आला तर तो एफ/४.२ झाला, चालेल. १५ आला तर टोक पुन्हा करा.

दुसरी चाचणी मला जास्त आवडते. लेझर पॉइंटरचा किरण फायबरच्या तोंडात सरळ न घालता थोडा तिरपा घाला. बाहेर कागदावर ठिपका नाही, कडं दिसतं. पातळ, रेखीव कडं म्हणजे फायबर निरोगी. आता टोकाजवळ धागा चिमटीत दाबा: कडं तुमच्या डोळ्यांदेखत जाड होतं आणि मध्ये धुरकट भरतं. इपॉक्सी आवळते म्हणजे काय ते या क्षणी जेवढं कळतं तेवढं वाचून कळत नाही.

ताऱ्याला तोंडावर बसवणं

दुर्बिणीच्या डोक्यात फायबरच्या पुढे ४५ अंशांत एक पातळ काच बसवा. ती सुमारे दहा टक्के उजेड बाजूच्या गायडिंग कॅमेऱ्याकडे (तारा जागेवर आहे ना, ते बघणारा कॅमेरा) वळवते, बाकीचा फायबरकडे जातो. ही काच म्हणजे सूक्ष्मदर्शकाची कव्हर स्लिप, ०.१५ मिलिमीटरची. एक मिलिमीटरची स्लाइड लावू नका. तिरप्या जाड काचेतून एफ/५ चा शंकू गेला की ताऱ्याचा ठिपका वीस-पंचवीस मायक्रॉनने फुगतो, म्हणजे आपल्या धाग्याच्या निम्मा. कव्हर स्लिपमध्ये तो चारेक मायक्रॉन. तिच्या दोन पृष्ठभागांमुळे कॅमेऱ्यात प्रत्येक तारा जोडतारा दिसेल. घाबरू नका, दोघांतला एक ठरवा आणि कायम तोच धरा.

कॅमेऱ्यात फायबर दिसत नाही, मग तारा कुठे ठेवायचा? एखादा तेजस्वी तारा घ्या, पाच-पाच कोनीय सेकंदांच्या पावलांनी त्याला गोगलगायीच्या शंखासारखं गोल गोल बाहेर फिरवत न्या, आणि खाली स्पेक्ट्रोग्राफच्या कॅमेऱ्यात उजेड कधी वाढतो ते बघत राहा. सर्वाधिक झाला त्या वेळी तारा ज्या पिक्सेलवर आहे, तिथे खूण करा. डोकं घट्ट बांधलेलं असेल तर ही खूण महिनोन्‌महिने बदलत नाही. फोकसही असाच, वर्णपटाच्या उजेडावरून ठरवा, आणि मग गायडिंग कॅमेरा सरकवून त्याचा फोकस त्याला जुळवा. उलटं करू नका.

गच्ची ते खोली

फायबर पीव्हीसीच्या विजेच्या पाइपमधून खाली न्या. नागपूरच्या उन्हात पाइप बारा मीटरला तीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन सेंटिमीटर लांबतो, काच जवळजवळ जागची हलत नाही. म्हणून दोन्ही टोकांना ढिलाईचा एक वेढा सोडा. कुठेही वळण जेवणाच्या वाटीपेक्षा लहान नको.

आणि पाइप पूर्ण झाकलेला हवा. एका जानेवारीत शेवटचा मीटरभर मी उघडाच ठेवला होता. संक्रांतीच्या दिवशी शेजारच्या गच्चीवर "ओ काट, ओ पार" चालू होतं, कुणाचा तरी कटलेला मांजा आमच्या कठड्यावरून ओढला गेला आणि दोन महिन्यांचं टोक त्याच्यासोबत गेलं. पतंग कुणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

स्पेक्ट्रोग्राफ कूलरच्या खोलीत ठेवू नका. दमट हवा ग्रेटिंगला (बारीक समांतर रेषांची, उजेडाचे रंग फोडणारी पट्टी) मारते आणि कूलरची मोटर टेबल हलवते. थर्माकोलच्या पेटीत ठेवलात तर तापमान हळू बदलतं. १०० मिलिमीटर ॲल्युमिनियम १५ अंशांना ०.०३५ मिलिमीटर वाढतं, एवढ्याने रेषा सरकलेली दिसते.

माझी मांडणी साधी आहे: एफ/४ चं, १०० मिलिमीटरचं कोलिमेटर भिंग (धाग्यातून पसरत येणारे किरण समांतर करणारं), म्हणजे २५ मिलिमीटरचा किरणपुंज. एफ/५ ला भरलेला उजेड थोडा पसरला तरी यात मावतो. मग मिलिमीटरला ६०० रेषांची ग्रेटिंग आणि १०० मिलिमीटरचं कॅमेऱ्याचं भिंग. ५० मायक्रॉनच्या धाग्याला यात सुमारे ०.८ नॅनोमीटर इतकी विभेदनक्षमता मिळते, म्हणजे त्याहून जवळच्या दोन रेषा एकच दिसतात. फट वेगळी लागत नाही, धाग्याचं तोंड हीच फट.

पहिला उजेड, दुर्बिणीशिवाय

दुर्बीण जोडायच्या आधी फायबरचं मोकळं टोक दिवसा खिडकीतून निळ्या आकाशाकडे धरा. सूर्याकडे नाही, आणि फायबर लावलेली दुर्बीण तर सूर्याकडे कधीच नाही. ५८९ नॅनोमीटरची सोडियमची रेषा, ५१७ च्या आसपासचा मॅग्नेशियमचा पट्टा, ४८६ आणि ६५६ च्या हायड्रोजनच्या रेषा दिसल्या पाहिजेत. सोडियमची जोडरेषा ०.६ नॅनोमीटरवर आहे, ती ६०० च्या ग्रेटिंगने एकच दिसते. १२०० ची लावली तर फुटते.

पट्टीवर आकडे बसवायला महागडा दिवा नको. जुना सीएफएल लावा: पाऱ्याच्या ४०४.७, ४३५.८ आणि ५४६.१ या रेषा ठळक. लाल बाजूला वायरमनच्या टेस्टरमधला निऑन: ५८५.२, ६४०.२, ७०३.२. दोन्ही आलटून पालटून फायबरच्या तोंडासमोर धरायचे. ताऱ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा, कारण मधल्या काळात खोली थंड झालेली असते.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री व्याधापासून सुरुवात करा. हायड्रोजनच्या काळ्या रेषा ४३४.०, ४८६.१ आणि ६५६.३ वर अशा ठसठशीत येतात की चूक कुठे असेल तर लगेच उघडी पडते. ६५६ दिसते आणि ४३४ दिसत नाही, तर धागा निळा उजेड खातोय किंवा फोकस फक्त लाल रंगाचा झालाय. फोकस हलवून बघा. निळी बाजू उजळली आणि लाल मंद झाली तर दोष भिंगांचा आहे, आरशाला रंगभेद नसतो. काहीच फरक पडला नाही तर धाग्यावर संशय घ्या. मग ब्रह्महृदयाकडे वळा, त्याचा वर्णपट खिडकीतून टिपलेल्या आकाशाशी बराच जुळेल. आणि शेवटी काक्षी: तिथे बारीक रेषांच्या जागी टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे, एका बाजूला कडा धारदार आणि दुसऱ्या बाजूला ओसरत गेलेल्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.

रात्र संपली की आधी फायबरच्या दोन्ही टोकांना टोप्या घाला, मग दुर्बिणीला. सकाळी झाडू मारणारं कुणी गच्चीवर येण्याआधी.